चंद्र नव्हे, खिळ्याचं भोक

इगा, ९ ऑक्टोबर

आत्या,

हवा कशी आहे, पानं लाल झाली का, हे मी लिहिणार नाहीये. ते तुझ्या पत्रात असतं. मला राग आलाय. फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे तुला माहितीय, म्हणून लिहितेय.

माझी फुलदाणी कुठेय?

रविवारी तू तुझ्या कुझेबाईंना, ज्यांच्या चहाच्या बैठकी तू सांभाळतेस त्यांना, गाडीतून इथे घेऊन आलीस. मला आधी कळवलं असतंस तर मी निदान केसातली राख झटकली असती. तू 'चिगुसा, चिगुसा' करत अंगणभर हाका मारत होतीस तेव्हा मी लाकडांच्या ढिगामागे होते. सापडले नाही कारण सापडायचं नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं.

बाईंनी फळीवरच्या दहा वस्तू सोडून माझीच उचलली. भिंतीवर टांगायची, लांबट, एका खांद्याला जरा कलती. आणि आजोबांना म्हणाल्या, "तोकुजीसान, वयाबरोबर तुमचा हात धीट होत चाललाय हं." आणि आजोबा काय म्हणाले? आजोबा खोकले! बास. खोकले आणि आत चहा ठेवायला गेले. तू पण तिथेच उभी होतीस. तुला माहीत होतं ती कुणाची आहे. तू काय केलंस? तू ती फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवलीस.

ती मी केलीय. माती मी तुडवली. भट्टीत तिची जागा मी ठरवली. भट्टी पेटली तेव्हा तिच्यासमोरच्या झरोक्यातून पाइनची लाकडं मी आत सारली, माझ्या भुवया अजून उगवल्या नाहीयेत. आणि तुम्ही दोघं मोठी माणसं, एक खोकतंय आणि एक फडकं शोधतंय.

आजोबांना विचारलं तर म्हणाले, "गेली ना चांगल्या घरी? मग कशाला रडतेस?" मी रडत नव्हते. लिंबाचं लोणचं तोंडात होतं.

तुला हेही माहितीय की बाबांनी मला नवीन वर्षापर्यंतच मुदत दिलीय. शाळा सोडलीस, ठीक, म्हणाले, पण आजोबांच्या भट्टीवर वर्षभरात तुझं स्वतःचं काही झालं नाही तर नागोयाला परत यायचं आणि त्यांच्या ओळखीच्या पॅकिंगच्या कारखान्यात लागायचं. दाखवायला माझ्याकडे एकच वस्तू होती. एकच. ती तू नेलीस, आजोबांच्या नावावर.

चिगुसा


क्योटो, १६ ऑक्टोबर

प्रिय चिगु,

इथे पहाटे आता शाल लागते. गल्लीतल्या ऑस्मॅन्थसच्या फुलांचा वास ओसरत आलाय, आणि कुझेबाईंच्या बागेतलं शेवाळ पाऊस नसल्यामुळे रुसलंय. तू रुसलीस तशीच.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मुली, असं लिहितात का आत्याला? पण खरं सांगू, मला बरं वाटलं. शाळेत तुला धडा वाचायला उभं केलं की तुझा आवाज घशातच राहायचा, आणि इथे बघ, केवढी तोफ.

आता ऐक. तुझे आजोबा नुसते खोकले नाहीत. तू ढिगामागे होतीस ना, मग गाडीपाशी काय झालं ते तुला दिसलं नाही. बाई आत बसल्यावर त्यांनी माझी बाही ओढली आणि म्हणाले, "फुमिए, पोरीची आहे ती. पण बाईंना लगेच सांगू नको. आधी डोळ्यांनी बघू दे. सोळा वर्षांच्या मुलीची म्हटलं की लोक वस्तू बघत नाहीत, वय बघतात." म्हणून मी गप्प बसले. योग्य वेळ आली की सांगीनच.

आणि वेळ आलीय असं समज. नोव्हेंबरात आम्ही जमिनीतली शेगडी उघडतो, चहाच्या विधीतलं नवीन वर्षच ते. त्या बैठकीत खोलीतल्या मानाच्या कोनाड्यातल्या भिंतीवर कुझेबाई तुझी फुलदाणी लावणार आहेत! मोठमोठी माणसं येतात त्या दिवशी. त्याआधी थोडीफार तयारी चालू आहे, ती तू माझ्यावर सोड.

भावाशी, म्हणजे तुझ्या बाबाशी, मी बोलीन. तू लोणचं कमी खा.

तुझी फुमिए आत्या


इगा, २१ ऑक्टोबर

आत्या,

बरं. अर्धी माफी. उरलेली अर्धी तू बाईंना माझं नाव सांगशील तेव्हा.

आजोबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. बाही ओढल्याचं आलं तेव्हा म्हणाले, "मी? छे, पाय घसरला होता." मग अंगणात जाऊन उगाचच लाकडं फोडत बसले.

कोनाड्यात! मला कालपासून भूक नाहीये. म्हणजे आहे, पण जेवताना मध्येच आठवतं आणि घास तसाच राहतो.

आता नीट वाच. पाहुणे यायच्या आधी तिच्यावर पाणी ओत. नुसतं आत नाही, बाहेरून, समोरच्या बाजूवर, वरपासून खालपर्यंत, पळी भरून. आणि पुसू नको. कुणालाच पुसू देऊ नको. लगेच टांग. बाकी काही करायला लागणार नाही. फूल एकच लाव, लहान. भोक मागच्या बाजूला आहेच, त्यामुळे टांगायचं कसं हे काही सांगायला नको.

ही 'थोडीफार तयारी' म्हणजे काय गं? तिला कसली तयारी लागते? खिळा आणि पाणी.

चिगुसा

ता.क. बाईंच्या कोनाड्यातला खिळा मजबूत आहे ना? ती जड आहे. मी तळाला माती जास्त ठेवलीय.


क्योटो, १० नोव्हेंबर

प्रिय चिगु,

मेपल आता ऐन भरात आहेत आणि रस्त्यावर पर्यटक मानेला लचक येईस्तोवर वर बघत चालतात. बागेत कॅमेलियाची पहिली कळी आली.

बैठक झाली. काय सांगू तुला! सगळ्यांच्या नजरा कोनाड्यावर खिळून होत्या. कुझेबाईंनी फुलदाणीला नाव दिलं, 'हिवाळी चंद्र'. तिच्यासाठी लाकडी पेटी करवली आणि स्वतःच्या हातांनी झाकणावर ते नाव लिहिलं. बाई फार कमी वस्तूंना नाव देतात, तुला कल्पना नाही. पाहुण्यांपैकी एक जण, क्योटोतले चहाच्या भांड्यांचे व्यापारी उशिगोमेसान, गुडघ्यांवर पुढे सरकत सरकत कोनाड्याला नाकच लावायचे बाकी राहिले. म्हणाले, "एवढं धाडस! समोरच्या जळालेल्या अंगावर असा एकच चंद्र! या वयात तोकुजीसानना हे सुचलं!"

पाण्याचं तू म्हणालीस तसंच केलं हो, पण ते घसरून गेलं सगळं. थांबेचना. खालच्या चटईवर डाग पडला आणि बाई माझ्याकडे बघत राहिल्या. असो.

सोबत फोटो पाठवतेय. कळी मीच लावली. कशी वाटली सांग.

तुझं नाव अजून सांगितलं नाही. एवढ्या कौतुकाच्या मध्ये कसं सांगणार? रागावू नको.

फुमिए आत्या


इगा, १३ नोव्हेंबर

आत्या!

फोटो बघितला.

आधी मला कळेचना मी काय बघतेय. मला वाटलं दुसरीच कुठलीतरी फुलदाणी आहे. मग दिसलं. समोर ती जळकी बाजू आहे. काळी, वर हिरवी काच ओघळलेली. आणि तिच्या वरच्या अंगाला, बरोबर मधोमध, भोक आहे.

ते चंद्र नाहीये! ते खिळ्याचं भोक आहे! मी पाडलंय ते, बांबूच्या काडीने, ओल्या मातीत, ती भिंतीवर टांगता यावी म्हणून! तुमच्या त्या व्यापाऱ्याने गुडघ्यांवर सरकत जाऊन खिळ्याच्या भोकाचं कौतुक केलं!

आणि मग मला पुढचं सुचलं. भोक समोर आहे. मग फुलदाणी भिंतीला कशावर टांगलीय, आत्या? हवेवर?

तुम्ही दुसरं भोक पाडलंत.

तुम्ही तिच्या तोंडावर भोक पाडलंत. तिचं तोंड भिंतीकडे केलंत आणि पाठ लोकांना दाखवलीत, आणि वर त्याला कविता चिकटवलीत. ही होय तुझी 'थोडीफार तयारी'! कशाने पाडलंत? ड्रिलने? भट्टीतून निघालेल्या मातीत? ती फुटली असती तर 'मावळता चंद्र' नाव दिलं असतं का बाईंनी?

पाणी घसरलं म्हणतेस. घसरणारच! काचेवर ओतलंस तू पाणी. मी समोरच्या बाजूवर म्हटलं होतं.

आजोबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मग असे हसायला लागले की धापच लागली, मला पाठ चोळावी लागली. "चंद्र," म्हणे, "अगं आपल्याकडे तर भिंतभर चंद्र आहेत, मोरीत पण आहेत." मला हसू आलं नाही. मग त्यांनी फोटो उलटा धरला, जणू काही मागून ते दुसरं भोक दिसेल. तेव्हा हसणं थांबलं. फोटो पालथा ठेवला. नंतर म्हणाले, "भाजल्यावर भोक. माझ्या बापाने असं करणाऱ्याच्या अंगावर ओला चिखल फेकला असता."

कळी कशी वाटली विचारतेस. छान होती. तिचा काय दोष.

चिगुसा


क्योटो, २० नोव्हेंबर

चिगुसा,

या वेळी हवेचं लिहीत नाही. तुला आवडत नाही म्हणून.

हो. पाडलं. तू ते पाणी ओतायचं पत्र लिहीत होतीस त्याच आठवड्यात. तुझं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा ती कारागिराकडून परतसुद्धा आली होती. मी काय करायला हवं होतं? त्यात माती भरू?

आता माझंही ऐकून घे. कुझेबाईंनी ती उजेडात फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "फुमिएसान, एवढी सुंदर भाजलेली बाजू आणि भोक नेमकं त्याच बाजूला. भट्टीत लावताना कुणीतरी उलटी लावली वाटतं." मलाही तेच वाटलं. तू नवशिकी, चुकून पाठ आगीकडे केलीस. कुणालाही हेच वाटलं असतं. इगाची फुलदाणी म्हटलं की लोक जळकी बाजू समोर बघतात, पिढ्यान् पिढ्या बघतात. मी तुझी चूक झाकली, चिगु. 'ती नातीने केलीय आणि उलटी भाजलीय' हे बाईंना सांगून मी तुझं हसं करायचं होतं का? त्यापेक्षा गप्प बसले. गप्प बसायची मला सवय आहे. बाईंच्या घरात मी काय बोलते ते तुला ठाऊक नाही. 'हो' आणि 'आत्ता आणते', एवढंच.

आणि झालं ते वाईट झालं असंही नाही. उशिगोमेसान तुमच्याकडे येणार आहेत. त्यांना अजून हव्या आहेत, अशाच, समोर चंद्र असलेल्या. तुझ्या बाबाला मी फोनवर सगळं सांगितलं, तुझी आहे हेसुद्धा, आणि उशिगोमेसानचंही. तो खूश झाला. म्हणाला, "मग प्रश्नच मिटला, मागणी आहे तर राहू दे तिला तिथे." तुला हेच हवं होतं ना? राहायचं होतं ना तिथे? मग आता कशाला एवढा थयथयाट? काडी मागे एकदा, समोर एकदा खुपसायची, एवढंच काम आहे.

फुमिए आत्या


इगा, २४ नोव्हेंबर

आत्या,

चूक नव्हती ती.

मी मुद्दाम पाठ आगीकडे केली. भट्टी लावताना आजोबा मागे उभे होते, त्यांनी बघितलं, भुवई वर केली आणि पुढची वस्तू माझ्या हातात दिली. तुम्हाला कुणालाच विचारावंसं वाटलं नाही? एवढ्या लांबून गाडी करून येता, मग एक ओळ लिहिता येत नाही, 'चिगुसा, ही अशी का?' नाही. तुम्ही आधीच ठरवलंत की पोर चुकली.

आगीकडच्या बाजूला काच होते, आत्या. छान दिसते, मला मान्य आहे. पण एकदा झाली की झाली. सकाळी तशीच, संध्याकाळी तशीच. तिच्यावरून पाणी पळून जातं. दुसऱ्या बाजूला नुसती झळ लागते. ती फिकी राहते, पिकत आलेल्या पर्सिमनच्या फळासारखी. तिच्यावर पाणी ओतलं की ती पिते. एकदम गडद होते, यकृतासारखी लाल. आणि मग वाळते. वरून खाली, पण सरळ नाही, जिथे माझा अंगठा जोरात दाबला गेलाय तिथे उशिरा. माणसं बसलेली असताना, चहा होत असताना, ती समोर वाळत जाते. जो बसून बघेल त्याला दिसतं. जो फोटो काढून जाईल त्याला नाही. एवढंच होतं माझं. एवढंच मी वर्षभरात शिकले, आणि त्याच बाजूला तुम्ही ड्रिल लावलंत.

तुझे उशिगोमेसान काल येऊन गेले. नवे बूट घालून चिखलात. मी ढिगामागे. त्यांनी आजोबांना हाताने गोल करून दाखवलं, "एवढा चंद्र, थोडा मोठा झाला तरी चालेल." आजोबा म्हणाले, "करणारी ती तिकडे लाकडात आहे, तिला विचारा." मला वाटलं जमीन फाटावी. उशिगोमेसान लाकडांकडे तोंड करून वाकले, लाकडांना नमस्कार केला, आणि लाकडांना म्हणाले, "कृपया वीस करा."  ते म्हणाले डिसेंबरात परत येतो.

मग बाबांचा फोन. आजोबांनी रिसीव्हर माझ्या कानाला धरला. बाबा म्हणाले, "कर ना मग. नाहीतर पंचवीस डिसेंबरला मी बॅग घेऊन येतो. दोन्हीतलं एक." मी श्वास घेत राहिले आणि त्यांनी ठेवला.

आजोबांना विचारलं काय करू. म्हणाले, "हात तुझे, भोकं तुझी." हा काय सल्ला झाला!

मी नाही करणार. नागोयाला खोके चिकटवीन पण पाठीचं भोक समोर आणून त्याला चंद्र म्हणणार नाही.

माझी फुलदाणी परत पाठव. तू पाठवू शकणार नाहीस मला माहितीय. तू 'हो' आणि 'आत्ता आणते' म्हणणारी. तरी लिहिते. परत पाठव.

चिगुसा


क्योटो, १३ डिसेंबर

चिगु,

उशीर झाला. तुझं पत्र बरेच दिवस माझ्या किमोनोच्या पट्ट्याच्या घडीत होतं. काम करताना टोचायचं.

काल वर्षाअखेरची बैठक होती. मोजकीच माणसं, घरातलीच म्हण ना. बाईंना सर्दी होती म्हणून कोनाडा माझ्यावर सोपवून त्या पडून होत्या. म्हणाल्या, "चंद्र लावा." मी पेटी उघडली, फुलदाणी काढली आणि तिला तिच्या पहिल्या भोकावर टांगलं. तू पाडलेल्या. तोंड माणसांकडे, पाठ भिंतीकडे. मग पळी भरून पाणी ओतलं. घसरलं नाही. प्यायली, चिगु. मला आवाज आल्यासारखा वाटला.

नवं भोक आता समोर आलं. पांढरट, कडा चिरफाळलेल्या. झाकायला एक पान पुढे ओढता आलं असतं. नाही ओढलं.

कुझेबाई पाहुण्यांच्या जरा आधी आत आल्या आणि थबकल्या. "फुमिएसान, चंद्र कुठे गेला?"

"भिंतीकडे," मी म्हटलं.

बाहेर पाहुण्यांचे हात धुतल्याचे आवाज येत होते. बदलायला वेळ नव्हता. 

बैठक सुरू झाली. बैठकीत फारसं बोलायचं नसतं. मग मिठाईवाले देगुचीआजोबा, त्यांना कमी ऐकू येतं त्यामुळे ते फार मोठ्याने बोलतात, एकदम म्हणाले, "बाई, हिचा रंग मघाशी वेगळा होता ना?" सगळ्यांनी वळून बघितलं. खांदा वाळला होता, पोट अजून ओलं होतं. मधे तुझ्या अंगठ्याचा ठसा काळाभोर. मग कुणाची नजर हटली नाही. चहा गार झाला तरी. शेवटी देगुचीआजोबा म्हणाले, "पण हे वरती काय झालंय? उंदराने कुरतडलं?"

मी म्हटलं, "नाही. आम्ही." आणि मग सांगून टाकलं. कुणाची आहे, किती वर्षांच्या मुलीची, तिने काय ठरवलं होतं आणि आम्ही काय केलं. त्या खोलीत मी एवढं कधीच बोलले नव्हते. कुझेबाईंनी चहाची वाटी दोनदा पुसली. एकदाच पुसायची असते.

सगळे गेल्यावर म्हणाल्या, "तुम्ही आधी मला विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, "आपण त्या मुलीला विचारायला हवं होतं."

मग त्या उठल्या, फुलदाणी स्वतः उतरवली, आतलं पाणी बागेत ओतलं आणि माझ्या हातात दिली. "परत करा." पेटी मात्र ठेवून घेतली. म्हणाल्या, "नाव माझं आहे." तर आता चंद्र त्यांच्याकडे आणि फुलदाणी तुझ्याकडे. नवीन वर्षाच्या पहिल्या बैठकीला फुलं दुसऱ्या कुणीतरी लावायची असं ठरलंय. मला 'विश्रांती' दिलीय.

तू म्हणालीस मी पाठवू शकणार नाही. सोबतच्या खोक्यात आहे. पेंढा नीट काढ. भोकाचं मी काही करू शकत नाही, ते तसंच आहे. त्याबद्दल काय लिहायचं मला सुचत नाहीये.

फुमिए


इगा, २७ डिसेंबर

आत्या,

इथे डोंगरावर पहिला बर्फ पडला. भट्टीच्या छपरावर मात्र थांबत नाही, आत अजून ऊब आहे. बघ, हवेचं लिहिलं. तुझ्यासाठी, एकदाच.

पंचवीस तारखेला दोघं एकाच बसने आले. बाबा रिकामी बॅग घेऊन आणि उशिगोमेसान, या वेळी जुने बूट घालून. बाबा अंगणातूनच म्हणाले, "झाल्या का वीस?" आजोबा म्हणाले, "एक झालीय. ती पण आधीचीच."

मी ढिगामागे गेले नाही. जाणार होते, पण लाकडं या महिन्यात आजोबांच्या भांड्यांच्या भट्टीत संपलीयत, ढीगच राहिला नाहीये. आजोबांनी मुद्दाम तिकडचीच आधी जाळली असणार, विचारलं तर म्हणतील वारा होता.

मी फुलदाणी आतल्या खांबावर टांगली. उशिगोमेसान मान वाकडी करून म्हणाले, "चंद्र मागे गेला की." मग जवळ गेले आणि नवं भोक बघून त्यांचं तोंड आंबलं. "आणि हे कुणी नासवलं?" मला त्यांना सांगायचं होतं, तुमच्या चंद्राने. घशापर्यंत आलं होतं. पण बाबा घड्याळ बघत होते, बॅग हातातून खाली ठेवली नव्हती, आणि मला वाटलं एकच शब्द येणारेय, तर तो वाया घालवायला नको.

"बसा," मी म्हटलं.

मोठ्याने आला. केवढा मोठ्याने! बाबा बसलेच पटकन. उशिगोमेसान पण. आजोबा आधीच बसलेले होते, ते अजून थोडे बसले.

मी पळी भरून पाणी ओतलं.

 उशिगोमेसान थोड्या वेळाने चुळबुळ करायला लागले, फोन बघितला, म्हणाले हे सुंदर आहे पण गिऱ्हाइकाला समजावायला वेळ कुठे असतो, चंद्र पटकन कळतो. आजोबा म्हणाले, "मग चंद्रच विका. आमच्याकडे नाहीये." ते उठून नमस्कार करून गेले. चिडले नाहीत, त्यांचं त्यांना बरोबर असेल. मला मात्र चीड आली, आणि ती चांगली आली.

बाबा उठले नाहीत. खांदा वाळला, मग पोट. अंगठ्याच्या ठशापाशी ओल अडून बसली होती. त्या भोकाभोवती पण, तिथल्या चिरांतून पाणी आत शिरलं होतं, एक लाल कडं राहिलं होतं सगळ्यात शेवटपर्यंत. ते मला माहीतच नव्हतं. तुम्ही नासवलेल्या जागेनेच सगळ्यात उशीर लावला. म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नको. नाहीच केलं. पुढच्या भट्टीत मी अशी करीन जिच्यावर ड्रिल लावायची कुणाची छाती होणार नाही.

सगळी फिकी झाल्यावर बाबांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता बॅग. म्हणाले, "पुन्हा ओत."

मी ओतलं. त्यांनी परत पूर्ण बघितलं. शेवटची बस चुकली. रात्री आजोबांच्या शेजारी झोपले, दोघं घोरत होते, एकाच सुरात. सकाळी माझ्याशी एवढंच बोलले, "थंडी आहे, भुवया येईपर्यंत टोपी घाल." आणि बॅग घेऊन गेले. रिकामी. चालताना ती त्यांच्या पायावर आपटत होती.

तुला विश्रांती दिलीय तर इथेच ये. कळी आण, लहान. कोनाडा नाहीये आमच्याकडे, खांब आहे. खिळा मजबूत आहे.

आणि कुझेबाईंना सांग, पेटी ठेवा. पण मी अजून रागावलेली आहे.

चिगुसा